रुमाल सातवा, पत्र त्रेचाळिसावे

तिरुवल्लिकेणी, मद्रास
३ फेब्रुवारी १९५८

अप्पा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे जाईना. सहा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे तीही खुशाली कळवायला नाही. मी जिवंत आहे. सरोजामावशीच्या घरी माडीवरच्या खोलीत राहते. रोज बसने एग्मोरला जाते. तिथे हस्तलिखितांची एक संस्था आहे, तिच्यात जुने मोडी कागद बाळबोधीत उतरवायचं काम करते. आयुष्यात तुम्ही मला एकच गोष्ट दिलीत, तिच्यावर माझं पोट चालतं. हे तुमच्या कानावर आलंच असेल.

माझी ही मराठी वाचून हसू नका. दप्तरात विद्याधर म्हणून पुण्याचे एक गृहस्थ आहेत. पहिल्या दिवशी माझं तंजावरी बोलणं ऐकून ते म्हणाले, “बाई, तुम्ही बखरीतून बोलता की काय?” तेव्हापासून निदान लिहिताना तरी मी त्यांच्यासारखं लिहिते. घरी मावशीशी आपलंच बोलते, अर्धं तमिळ, अर्धं आजीचं.

आता कामाचं. पोंगलनंतर तंजावरहून सात रुमाल आले. लाल कापडात बांधलेले सात गठ्ठे. देणगीदार कोण म्हणून पावती वाचली, तर नारायणस्वामीराव, पश्चिम वीथी. माझे सासरे. घरातले शंभर-दीडशे वर्षांचे कागद त्यांनी संस्थेला दान दिले आहेत, आणि बदल्यात दिवाणखान्यात त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लागणार आहे. मी त्यांची सून होते हे इथे कुणाला ठाऊक नाही. इथे मी नुसती कृष्णवेणी.

सातव्या रुमालात पत्र क्रमांक त्रेचाळीस आहे. शके १७६१, शार्वरीनाम संवत्सर. घराचे मूळ पुरुष काशीयात्रेहून धाकट्या भावाला लिहितात. पहिल्या दहा ओळी गंगेच्या पाण्याच्या आणि प्रकृतीच्या. मग चार ओळी अशा: ‘भागीरथी ही घरची बटीक, लग्नाची नव्हे. तिचे पोटी झाला तो कुळात धरू नये. घरात वाटा देऊ नये. श्राद्धपक्षी पंगतीस बसवू नये.’

वाचता वाचता मी पान खिडकीपाशी नेलं. मजकुरामुळे नाही. मोडी लिहायच्या आधी पानावर जी आडवी रेघ ओढतात ती उजव्या टोकाला खाली घसरली आहे, प्रत्येक ओळीत, सारखीच. त्या घसरणाऱ्या रेघेसाठी तुम्ही माझ्या बोटांवर किती पट्ट्या ओढल्यात ते तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतं.

अप्पा, ते अक्षर माझं आहे.

शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून ज्याला क्रमांक पडला आहे ते पत्र मी सोळा वर्षांची असताना आपल्या घराच्या दारातल्या ओट्यावर, तिण्णैवर बसून, तुम्ही सांगत होतात तसं, लिहिलं आहे. तुम्ही म्हणालात, सराव आहे. मी सराव म्हणून लिहिलं. पुढे त्याचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

तुम्ही त्याचं काय केलंत? एवढंच लिहून कळवा.

कृष्णवेणी


तिरुवल्लिकेणी
२५ फेब्रुवारी १९५८

अप्पा,

तुमचं कार्ड पोचलं. ‘जुन्या कागदांची धूळ डोळ्यांत जाते. वैद्यास दाखवावे.’ खाली सही. सहा वर्षांनी मुलीला एवढं.

डोळे चांगले आहेत. तुम्हाला आठवत नसेल तर मीच आठवण करून देते. साल पंचेचाळीस, आईला जाऊन सात वर्षं झाली होती. कोर्टात मोडी कागद आला की वाचायला तुम्हालाच बोलावत. जज्जापासून शिपायापर्यंत सगळे तुमचं अक्षर ओळखत. त्या दिवशी तुम्ही कुठल्याशा जुन्या वहीची शेवटची कोरी पानं फाडून आणलीत. पिवळी, कडा कुरतडलेली. काजळीची शाई स्वतः घोटलीत, मला नवा बोरू तासून दिलात. म्हणालात, “जुन्या धाटणीत लिहून दाखव बघू, पोरी.” मी विचारलं, “ही भागीरथी कोण, अप्पा?” तुम्ही म्हणालात, “कुणी नाही.”

तुम्ही ते का लिहिलं नाहीत ते मला आता उमगतं. तुमचा हात सगळ्या गावाला ठाऊक होता, आणि माझा कुणालाच नव्हता.

पुढच्या वैशाखात माझं लग्न झालं. हुंडा नाही, मानपान नाही, नारायणस्वामीरावांच्या घरचं स्थळ, मुलगा राजगोपाल बी. ए. गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, आई नसलेल्या पोरीचं नशीब बघा. मीही तेच म्हणत होते. घरात राजगोपाल चिडला की मला म्हणायचा, “तू काही फुकट पडलेली नाहीस. तुझ्या बापाकडून पुरेपूर वसूल करून मग तुला आणली आहे.” मला वाटायचं, माणूस रागात काहीही बोलतो.

त्या घरातून मी तुम्हाला चार पत्रं लिहिली. पहिलं, कोठीच्या खोलीत दोन दिवस कोंडून ठेवलं तेव्हा. चौथं, तिसरंही मूल पोटातच गेलं आणि सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विहिरीवर पाठवलं तेव्हा. चारही वेळा तुमचं उत्तर एकच. दिलं घर तेच घर. मला वाटलं, लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही मला परत घेत नाही. तेवढंच असतं तर बरं होतं.

विशालाक्षी कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का? मी शोधलं. शोधायला फार लागलं नाही, सरोजामावशीला माहीत होतं. मैलापूरला तळ्यामागच्या रस्त्यावर एका वकिलाच्या घरी ती स्वयंपाक करते. तिला तिथे सगळे समयलमामी म्हणतात, स्वयंपाकीणबाई. पश्चिम वीथीतल्या त्या घराचा अर्धा भाग तिच्या नवऱ्याचा, सुब्बारावांचा होता. ते भागीरथीचे पणतू. नारायणस्वामीरावांनी त्यांच्यावर दावा लावला आणि त्या पत्रावर निकाल लागला. त्यांचं घर तर गेलंच, पण पंगतही गेली. बटकीचा वंश म्हणून आपल्या लोकांनी त्यांच्या घरचं पाणी बंद केलं. निकालानंतर चार महिन्यांत सुब्बाराव गेले.

आणि कोर्टात ते पत्र खरं आहे, जुनं आहे, असं शपथेवर वाचून दाखवलं कुणी? तुम्ही.

परवा मी तिच्याकडे गेले होते. पत्राबद्दल काही बोलू शकले नाही. तिने काप्पी दिली, ती पिऊन परत आले.

कृष्णवेणी


तिरुवल्लिकेणी
३० मार्च १९५८

अप्पा,

तुमच्याकडून दुसरं कार्ड आलं नाही. तरी हे लिहायलाच हवं, कारण तुम्हाला आमच्या संस्थेचं बोलावणं येईल, किंवा आलंही असेल.

मी ते पत्र महिनाभर यादीत घातलं नव्हतं. दुसऱ्या रुमालात, तोफखान्याच्या हिशोबांत, दडवून ठेवलं होतं. तुमच्यासाठी नाही. मला माझी नोकरी हवी होती, माडीवरची खोली हवी होती. ज्या बाईने खोटा कागद लिहिला तिच्या हाती जुने कागद कोण देईल? मी ठरवलं होतं की ते पान तिथेच राहू द्यायचं, वाळवीला मिळू द्यायचं.

पण पावतीवर सातव्या रुमालात चव्वेचाळीस पत्रं लिहिली होती आणि माझ्या यादीत भरली त्रेचाळीस. विद्याधरांनी दोन दिवस सगळी कपाटं उपसली. सापडलं तेव्हा ते उभ्याउभ्याच वाचू लागले आणि मध्येच थांबले.

“बाई, शके १७६१ला संवत्सर कुठला?”

मी म्हटलं, “विकारी.”

“मग इथे शार्वरी कसं?”

“ते पुढच्या वर्षीचं.”

“म्हणजे काशीला गेलेल्या या शास्त्रीबुवांना चालू वर्षाचं नाव माहीत नव्हतं?” ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू थांबलं.

ते पान घेऊन आम्ही गुरुमूर्ती सारांकडे गेलो. हे आमचे अधिकारी. सरळ माणूस, पण मोडीचं एक अक्षर वाचता येत नाही. मी त्यांना सांगितलं की पत्र संशयास्पद वाटतं. कारण म्हणून संवत्सराची चूक सांगितली, तेवढीच. माझ्या अक्षराबद्दल गप्प बसले. सार म्हणाले, देणगीदार मोठे आहेत, नुसत्या एका बाईच्या मतावर त्यांचा कागद खोटा म्हणता येणार नाही, तज्ज्ञाचं मत घेऊ. आणि तंजावरला मोडीत सर्वांत जाणते कोण, अशी चौकशी त्यांनी केली. त्यांना जे नाव मिळालं ते ऐकून मी खुर्चीत बसून राहिले.

ते तुमचं आहे, अप्पा. मी तुमची मुलगी आहे हे त्यांना ठाऊक नाही.

तुम्ही या. आल्यावर खोटं आहे एवढंच म्हणा. कुणी लिहिलं ते सांगू नका. मी तुमचं नाव घेत नाही, तुम्ही माझं घेऊ नका. नुसतं म्हणा की हा कागद त्या काळचा नाही. तेवढ्यानेही विशालाक्षीच्या सासरच्यांवरचा तो एक शब्द पुसला जाईल. आयुष्यात मी तुमच्याकडे पाचव्यांदा काही मागते आहे.

कृष्णवेणी


तिरुवल्लिकेणी
२२ एप्रिल १९५८

अप्पा,

काल तुम्ही समोर बसला होतात, तेव्हा जे बोलता आलं नाही ते लिहिते.

तुम्ही म्हातारे झालात. उपरण्याखाली खांद्याची हाडं दिसत होती. गुरुमूर्ती सारांनी मला म्हटलं, “यांना पत्र दाखवा,” आणि मी ते तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. भिंग काढलंत, पान उजेडात धरलंत, उलटं करून शाई किती मुरली ते पाहिलंत. सगळं कसं व्यवस्थित. मग तुम्ही ते मोठ्याने वाचलंत. ‘भागीरथी ही घरची बटीक.’ आवाज जराही हलला नाही. कोर्टातही असाच हलला नसेल.

विद्याधरांनी संवत्सराचं विचारलं. तुम्ही म्हणालात, “प्रवासात लिहिलेलं पत्र. बरोबर पंचांग नसेल. अशा चुका मी शंभर कागदांत दाखवीन. चूक आहे म्हणूनच ते अस्सल, खोटं लिहिणारा पंचांग बघून लिहितो.” सार समाधानाने मान हलवू लागले. मग तुम्ही म्हणालात, “अक्षर फार देखणं आहे. तालमीतलं आहे.”

हे कशाला म्हणालात? सोळा वर्षांची असताना हे ऐकायला मी जीव ओवाळून टाकला असता.

सारांनी तुम्हाला फाटकापर्यंत पोचवायला मलाच पाठवलं. कडुनिंबाखाली रिक्षा येईपर्यंत आपण उभे होतो. तिथे तुम्ही पहिल्यांदा बोललात.

“मी तुला वाचवलं, पोरी.”

“मला?”

“कागद खोटा ठरला की विचारतील लिहिला कुणी. अक्षर कुणाचं निघेल? माझं नाही.”

“तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं.”

“ते कोण सिद्ध करणार?”

मी विचारलं, “चार वेळा मी घरी येऊ का म्हणून लिहिलं, तेव्हाही मला वाचवतच होता?”

तुम्ही रिक्षाच्या वाटेकडे बघत म्हणालात, “तू त्या घरातून निघाली असतीस तर नारायणस्वामी गप्प बसला असता? त्याने मलाच पुढे केलं असतं. मी आत गेलो असतो. तुझं तरी काय झालं असतं?”

म्हणजे तुमच्याविरुद्ध कुणी तोंड उघडू नये म्हणून मी त्या घरात सहा वर्षं राहायचं होतं. ओलीस ठेवल्यासारखी. मी आपल्या बुद्धीने पळाले नसते तर आजही तिथेच असते, आणि तुमची कार्डं येत राहिली असती.

रिक्षात बसताना तुम्ही म्हणालात, “आता घरी ये. खोली रिकामीच आहे. माझे डोळे अधू झालेत, कोर्टाचे कागद कुणीतरी वाचून दाखवायला हवेत.”

माझं उत्तर तुम्हाला तिथे मिळालं नाही. ते हे. मी येणार नाही.

कृष्णवेणी


तिरुवल्लिकेणी
११ मे १९५८

अप्पा,

गेल्या सोमवारी मी गुरुमूर्ती सारांना सगळं सांगितलं. तुम्ही कोण, मी कोण, पत्र कुणी सांगितलं, कुणी लिहिलं. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांना वाटलं की बापलेकीचं काही भांडण असेल आणि मी सूड म्हणून बोलते आहे. त्यांचं चुकलं नाही, तेही होतंच.

मी म्हटलं, “सार, मला बोरू द्या.”

त्यांच्यासमोर बसून मी त्या पत्राच्या पहिल्या सहा ओळी न बघता लिहिल्या. तेरा वर्षं झाली होती, पण हाताला सगळं पाठ होतं. विद्याधरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. रेघ दोन्हीकडे तिथेच, तेवढीच खाली घसरली होती. सारांनी बोट ठेवून दोन्ही रेघा ताडून पाहिल्या. मग तमिळमध्ये म्हणाले, “अम्मा, हे लेखी देणार का? दिल्यावर परत घेता येत नाही.” मी लेखी दिलं. तुमचं नाव पूर्ण घातलं आहे.

मग मैलापूरला गेले. दुपारची वेळ, विशालाक्षी मागच्या पडवीत वाटणाची भांडी घासत होती. मी उभ्यानेच सांगितलं. तिने भांडी घासणं थांबवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर तिने हात धुतले, पदराला पुसले.

“किती वर्षांची होतीस?”

“सोळा.”

“सोळा. मग लिहिता येत होतं आणि वाचता येत नव्हतं?”

मी म्हटलं, मला कळलं नाही पुढे काय होणार ते. ती म्हणाली, “मी घर सोडलं तेव्हा तू मधल्या दालनात, कूडमात, उभी होतीस. माझ्या हातात पितळी घागर होती. तुझ्या सासूने ती काढून घेतली, बटकीच्या घरचं पितळ हवं कशाला म्हणून. तू ऐकत होतीस. तेव्हाही कळलं नाही?”

अप्पा, पहिल्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की मला कधीच कळलं नाही. ते खरं नाही. त्या दिवशी कूडमात तो शब्द ऐकला तेव्हा मला आपली तिण्णै आठवली होती. मी आत गेले आणि भात वैरला. पुढे कधी आठवलं की दुसरं काम काढत असे.

आणखी एक आहे, जे मी तिला सांगितलं आणि आता तुम्हाला लिहिते, म्हणजे तुम्हाला ते विसरल्याचं सोंग करता येणार नाही. तुम्ही सांगताना ‘बटीक’ म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणालात ‘घरात ठेवलेली बाई’. मीच बोरू थांबवून म्हटलं होतं, “अप्पा, जुन्या कागदांत असं नसतं, बटीक असतं.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, खो खो हसलात आणि माझ्या पाठीवर थाप मारलीत. आई गेल्यापासून तुम्ही मला पहिल्यांदा हात लावला होता. दिवसभर मी त्या आनंदात होते.

सुब्बाराव ज्या शब्दाने मेले तो माझा आहे. तुम्ही तो फक्त ठेवून घेतलात.

हे ऐकल्यावर विशालाक्षी खाली बसली. म्हणाली, “ते जेवत नव्हते. शेवटचे चार महिने. पान वाढलं की म्हणायचे, माझ्या हातचं कुणी खात नाही, मी तरी का खाऊ.” मी पाया पडायला वाकले, तिने पाय मागे घेतले. म्हणाली, “ते नको. माझं काम आहे एक. करशील?”

कृष्णवेणी


तंजावर
२९ जून १९५८

अप्पा,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. मी तंजावरातच आहे, तुमच्या घरापासून दोन वीथी पलीकडे, छत्रातल्या यात्रेकरूंच्या खोलीत. उद्याच्या गाडीने मद्रासला परत जाईन. छत्राचा राखणदार मानाजी हे तुमच्या हातात देईल.

आधी मद्रासचं सांगते. नारायणस्वामीरावांच्या वकिलाचं पत्र आलं. संस्थेची कमिटी बसली. तिने असं ठरवलं की वादाचे कागद ठेवायला नकोत, सातही रुमाल देणगीदाराला परत करावेत. ते परत गेले. त्रेचाळीस नंबर आता पुन्हा त्यांच्या घरी आहे, किंवा चुलीत. माझी नोकरी एक जुलैपासून संपते. संस्थेला मोडी येणारी बाई ठेवणं परवडत नाही, असं कारण लिहिलं आहे. गुरुमूर्ती सारांनी स्वतःच्या हाताने माझ्या जबानीची नक्कल काढून संस्थेच्या नोंदवहीत चिकटवली. म्हणाले, रुमाल परत करायला सांगितलं आहे, वही नाही. सरळ माणूस आहे हे मी आधीच लिहिलं होतं.

विशालाक्षी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या वकिलांनी सगळं वाचलं. ते म्हणाले, अकरा वर्षांनी निकाल फिरत नाही. घर परत मिळणार नाही. ती म्हणाली, “घर कोण मागतंय?”

तिचं मागणं एवढंच होतं. सुब्बारावांची तिथी ती इतकी वर्षं मैलापूरला परक्या ब्राह्मणांकडून करवून घेत होती, कारण तंजावरातला आपला एकही गुरुजी तिच्याकडे येईना. यंदा ती तिला तंजावरात करायची होती. आणि तिथीच्या दुसऱ्या दिवशी पश्चिम वीथीतल्या लोकांना पंगतीला बोलवायचं होतं. तिथे मी उभं राहून माझी जबानी वाचायची, लोकांसमोर, आपल्या बोलण्यात. पुण्याच्या मराठीत नाही.

तिथी तिच्या भाच्याने केली. गुरुजी अखेर कुंभकोणमहून आणावे लागले.

आज पंगत होती. बावीस घरी निरोप गेला होता. साडेअकरापर्यंत कुणीच आलं नाही. मी छत्राच्या ओसरीवर पानं मांडत होते, विशालाक्षी आत सांबार उकळत होती आणि एकदाही बाहेर डोकावली नाही. मग संताजीराव आले, सुब्बारावांचे शाळेतले सोबती. काठी टेकत आले आणि पहिल्या पानावर बसले. त्यांच्यामागून कनका आली, आपल्या गल्लीतली, आईबरोबर पापड लाटायला यायची ती. ती म्हणाली, “मी तेव्हा हिच्या घरचं ताक परत केलं होतं.” आणि बसली. त्यांच्यानंतर सहाजण आले. बावीस घरांतून आठ माणसं.

मी वाचलं. तुमचं नाव आलं तेव्हा संताजीरावांनी डोळे मिटले. ‘बटीक’ हा शब्द कुणी सुचवला ते आलं तेव्हा कनकाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिच्याकडे पाहू शकले नाही. तरी शेवटपर्यंत वाचलं. कुणी वाहवा केली नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. संताजीराव म्हणाले, “विशालाक्षीबाई, वाढा.”

ती वाढत गेली. भात, वरण, सांबार, कोशिंबीर, परत भात. अकरा वर्षांनी आपल्या माणसांना वाढत होती, आणि एक शीत खाली सांडलं नाही. मी वाढायला उठले तर म्हणाली, “तू बस. तूही पाहुणीच.” तिने मला क्षमा केली असं समजू नका. मी विचारलं नाही, तिने म्हटलं नाही. माझ्या पानावर भात घालताना तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

काल संध्याकाळी तिने तुमच्याकडेही निरोप पाठवला होता. मानाजी घेऊन आला होता तो. तुम्ही त्याला म्हणालात, “बघतो.” म्हणून माझ्या शेजारी एक पान तुमचं मांडलं होतं. मी तिला म्हटलं, ते येणार नाहीत. ती म्हणाली, “येणं न येणं त्यांचं. मांडणं माझं.” सगळ्यांबरोबर तिने तुमच्या पानावरही वाढलं, मीठ, लिंबू, सगळं जागच्या जागी.

लोकांनी हात धुतले, विडे घेतले, गेले. मी थांबले. रस्त्यावर कुणाच्या चपलांचा आवाज आला की वर बघत होते. मला वाटलं होतं मी बघणार नाही.

तुमच्या पानावरचा भात एक वाजेपर्यंत तसाच होता. मग मी ते पान उचललं.

कृष्णवेणी